इंग्रजीच्या अध्यापकाची परिणामकारकता : स्वरूप, घटक आणि वृद्धी

१

अध्यापकाची परिणामकारकता कशी वाढवावी याचा विचार करण्यापूर्वी परिणाम कशाला म्हणावयाचे हे निश्चित केले पाहिजे. ते निश्चित न करता केलेली चर्चा साधनांच्या यादीपाशी थांबते : गाणी घ्यावीत, खेळ घ्यावेत, चित्रे दाखवावीत, मोबाइल वापरावा. ही साधने उपयुक्त आहेत, परंतु कोणते साधन कोणासाठी आणि केव्हा वापरावे याचे उत्तर साधनातून मिळत नाही.

प्रथम क्षेत्रमर्यादा. भाषाअध्यापनशास्त्रात द्वितीय भाषा आणि परभाषा असा भेद केला जातो. मातृभाषेहून भिन्न असूनही जी भाषा विद्यार्थ्याच्या परिसरात व्यवहारात असते, ती द्वितीय भाषा. जिचा संपर्क वर्गाबाहेर जवळजवळ घडतच नाही, ती परभाषा. हा भेद भाषेच्या गुणांचा नसून परिस्थितीचा आहे. एकच इंग्रजी मुंबईच्या फोर्ट भागात द्वितीय भाषा असते आणि अक्कलकुव्याच्या एखाद्या पाड्यावर परभाषा. अभ्यासक्रमात तिला कोणते स्थान दिले आहे, यावरून हे ठरत नाही. महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांमध्ये २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकविली जाते. तत्पूर्वी ती पाचवीपासून होती. वर्षे वाढली, पण वर्गाबाहेरची परिस्थिती निर्णयाने बदलत नाही. म्हणून मराठी माध्यमाच्या ग्रामीण व निमशहरी शाळांपुरते इंग्रजीला परभाषा मानणे वस्तुस्थितीला धरून आहे, आणि प्रस्तुत विवेचन याच क्षेत्रापुरते आहे.

दुसरी संज्ञा परिणामकारकता. अध्यापनाचा परिणाम मानण्यासाठी विद्यार्थ्यातील बदलाने तीन अटी पूर्ण केल्या पाहिजेत. (१) कारणता : तो बदल अध्यापनावाचून घडला नसता. (२) स्थायित्व : चाचणी संपल्यानंतरही तो टिकतो. (३) संक्रमण : ज्या वाक्यांचा सराव झाला नाही अशा वाक्यांतही तो दिसतो. या अटी मान्य केल्या की नित्य वापरातले काही निकष आपोआप गळतात. अभ्यासक्रम वेळेत पूर्ण होणे हे अध्यापकाच्या कृतीचे वर्णन आहे, विद्यार्थ्यातील बदलाचे नव्हे. गाइडमधील उत्तरे पाठ करून मिळालेले गुण तिसऱ्या अटीवर टिकत नाहीत. वर्ग शांत असणे हे तर अनेकदा भाषेचा वापर झालाच नाही याचे लक्षण असते.

आता मूळ प्रमेयाकडे येता येईल. भाषा शिकण्याची क्रिया विद्यार्थ्याच्या ठायी त्याच्या स्वतःच्या गतीने घडते. अध्यापक ती क्रिया करीत नाही, तिच्या परिस्थितीचे नियमन करतो. हे नियमन तीन ठिकाणी होते : कोणती भाषा विद्यार्थ्याच्या कानांवर व डोळ्यांपुढे पडते (निवेश), ती वापरण्याची गरज केव्हा व किती निर्माण होते (वापर), आणि वापरानंतर त्याला काय मिळते (प्रतिसाद). या तिन्हींचे योग्य प्रमाण विद्यार्थ्याच्या त्या क्षणीच्या भाषास्थितीवर अवलंबून असते. यावरून असे निष्पन्न होते की अध्यापकाचा प्रत्येक निर्णय त्याच्या निदानाइतकाच अचूक असू शकतो. परिणामकारकतेची वृद्धी म्हणजे मुख्यतः निदानशक्तीची वृद्धी. पुढील विवेचन या विधानाचा विस्तार आहे.

२

निदानाचा विषय विद्यार्थ्याची भाषा हा आहे. १९६७ साली पिट कॉर्डर यांनी विद्यार्थ्यांच्या चुकांचे महत्त्व दाखविणारा निबंध प्रसिद्ध केला आणि १९७२ साली लॅरी सेलिंकर यांनी विद्यार्थ्याच्या भाषेला स्वतंत्र नाव दिले. त्या संकल्पनेसाठी येथे ‘मध्यभाषा’ ही संज्ञा वापरली आहे. मध्यभाषा म्हणजे मातृभाषा नव्हे, लक्ष्यभाषाही नव्हे. विद्यार्थ्याने उपलब्ध पुराव्यावरून स्वतः रचलेली, नियमबद्ध आणि बदलती व्यवस्था. ती नियमबद्ध असल्यामुळे तिचे वाचन शक्य होते. चुकीखाली केवळ लाल रेघ ओढणारा अध्यापक हे वाचन सोडून देतो.

मध्यभाषेतील दोषांचे उगमानुसार चार प्रकार होतात.

(क) मातृभाषाजन्य. मराठीत ‘मी काल मुंबईला गेलो होतो’ हे वाक्य साध्या भूतकाळाच्या अर्थाने सहज वापरले जाते. त्याच्या आधारे विद्यार्थी ‘आय हॅड गॉन टू मुंबई यस्टर्डे’ असे म्हणतो. हा विद्यार्थी पूर्णभूतकाळाची व्याख्या अचूक सांगू शकतो. दोष व्याख्येत नाही, तर मराठीच्या ‘होतो’ने इंग्रजीच्या ‘हॅड’ची जागा व्यापली आहे यात आहे. म्हणून व्याख्या पुन्हा सांगणे व्यर्थ आहे. दोन्ही भाषांत या क्रियारूपांची कामे कशी वेगळी वाटली गेली आहेत, हे शेजारी मांडून दाखवावे लागते. ‘माझं डोकं दुखतंय’वरून ‘माय हेड इज पेनिंग’ आणि ‘तू काय करतोयस’वरून ‘वॉट यू आर डुइंग’ हे दोष याच जातीचे. मराठीत प्रश्न करताना क्रियापद कर्त्यापुढे येत नाही, त्यामुळे इंग्रजीतही ते हलविण्याची गरज विद्यार्थ्याला जाणवत नाही. उपपदे तर मराठीत नाहीतच. ‘अ’ आणि ‘द’ गाळणारा विद्यार्थी निष्काळजी नसतो, ज्या भेदासाठी त्याच्या भाषेत खूण नाही तो भेद त्याला दिसत नाही.

(ख) लक्ष्यभाषाजन्य. ‘शी कटेड द पेपर’ किंवा ‘ही डिड नॉट वेन्ट’ यांचा मराठीशी संबंध नाही. भूतकाळाची खूण लावण्याचा नियम विद्यार्थ्याने ग्रहण केला आहे आणि तो अधिक ठिकाणी लावला आहे. अशी चूक प्रगतीचा पुरावा असते. आदल्या वर्षी ‘शी कट द पेपर’ हे पाठ झालेले बरोबर वाक्य म्हणणारी मुलगी या वर्षी ‘कटेड’ म्हणू लागली, तर ती पुढे गेली आहे. गुणांकनाला मात्र ती मागे गेलेली दिसते. या एका प्रकारात मापन आणि सत्य परस्परविरुद्ध होतात, आणि अध्यापकाला हे ठाऊक नसेल तर तो नेमक्या वाढीच्या क्षणी विद्यार्थ्याला परावृत्त करतो. अध्यापनातील याहून दुःखद गोष्ट सांगणे कठीण आहे.

(ग) अध्यापनजन्य. रचनात्मक पद्धतीच्या काळापासून वर्गात दार उघडत, फळ्यावर लिहीत ‘वॉट ॲम आय डुइंग?’ असे विचारण्याचा परिपाठ आहे. या सरावाने चालू वर्तमानकाळ पक्का होतो आणि तो इतका पक्का होतो की ‘ही इज गोइंग टू स्कूल एव्हरी डे’ असे वाक्य सहज येते. त्याचप्रमाणे प्रत्येक उत्तर पूर्ण वाक्यात देण्याची सक्ती. ‘व्हेअर इज युवर बुक?’ या प्रश्नाला ‘इन द बॅग’ हे नैसर्गिक उत्तर नाकारले गेले, की संभाषण आणि परीक्षा यांतील फरक विद्यार्थ्याच्या मनातून नाहीसा होतो. या प्रकाराचे निदान करणे सर्वांत कठीण, कारण येथे निदान करणारा स्वतःच कारण असतो.

(घ) स्खलन. नियम अवगत असूनही घाईत, भीतीत किंवा थकव्यात झालेली चूक. ओळखण्याची खूण अशी की लक्ष वेधताच विद्यार्थी स्वतः दुरुस्ती करतो. येथे शिकविण्यासारखे काही नसते.

या चार प्रकारांवर एक कालिक मर्यादा आहे. हायडी डुले आणि मरीना बर्ट यांनी १९७४ मध्ये स्पॅनिश व चिनी मातृभाषेच्या मुलांच्या इंग्रजीत व्याकरणिक रूपांचा जवळजवळ समान क्रम दाखविला. मॅनफ्रेड पीनेमान यांनी १९८४ मध्ये जर्मन शिकणाऱ्या इटालियन मुलांबाबत असे दाखविले की पूर्वीची अवस्था आली नसेल तर पुढची रचना शिकवूनही ती स्थिरावत नाही. तृतीयपुरुषी एकवचनी क्रियापदाला लागणारा ‘एस’ हा शिकविण्यास सर्वांत सोपा आणि बोलण्यात सर्वांत उशिरा येणारा घटक आहे. पाचवीतला विद्यार्थी ‘ही गो’ म्हणतो म्हणून वर्षभर त्यावरच तासिका खर्च करणारा अध्यापक अकाली मागणी करतो. निदानात ‘दोष कोणता’ याबरोबर ‘वेळ आली आहे काय’ हा प्रश्नही अंतर्भूत आहे.

उच्चारांबाबत हाच विचार वेगळ्या रूपाने लागू होतो, कारण तेथे प्रश्न अग्रक्रमाचा आहे. ‘थिन’मधील आरंभीचा इंग्रजी ध्वनी मराठीत नाही, विद्यार्थी त्या जागी मराठी ‘थ’ उच्चारतो. पण तो ‘टिन’हून वेगळाच राहतो, अर्थात गोंधळ होत नाही. याउलट प्रमाण मराठीच्या उच्चारात इकाराचे ऱ्हस्व-दीर्घत्व बहुधा शब्दातील स्थानावरून ठरते, अर्थभेदासाठी ते क्वचितच राबते. त्यामुळे जहाज आणि मेंढी या अर्थांचे ‘शिप’ आणि ‘शीप’ हे शब्द विद्यार्थ्याला ऐकूही वेगळे येत नाहीत. जेनिफर जेन्किन्स यांनी २००० साली, भिन्न मातृभाषांचे लोक इंग्रजीत बोलताना गैरसमज कशाने होतो याचा अभ्यास मांडला. त्यात स्वरांची दीर्घता आणि वाक्यातील मुख्य आघात आवश्यक ठरले, ‘थिन’मधला ध्वनी ठरला नाही. मराठी वर्गात मात्र जीभ दातांत धरून तो ध्वनी काढण्यावर जितका वेळ जातो, तितका आघातावर जात नाही.

मुले इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर देवनागरीत उच्चार लिहून घेतात, याचाही येथेच विचार केला पाहिजे. ही सवय सरसकट निषिद्ध मानणे योग्य नाही. अपारदर्शक लिपीत अडकलेल्या मुलाला ती तात्पुरता आधार देते. परंतु देवनागरीत दाखविता येत नाही असा भेद तिच्यातून कधीच येणार नाही. पश्चिम दिशा आणि बनियन या अर्थांचे दोन भिन्न इंग्रजी शब्द मुलांच्या देवनागरी लेखनात अनेकदा ‘वेस्ट’ असेच लिहिले जातात. आघाताला तर त्या लेखनात स्थानच नाही. म्हणून हा आधार एका मर्यादेनंतर काढून घेण्याचे नियोजन टाचणात असले पाहिजे. बहुतेक टाचणांत ते नसते.

३

निवेशाचे दोन गुण पाहावे लागतात : आकलनीयता आणि विपुलता. आकलनीयतेविषयी फारसा मतभेद नाही. विपुलता हा आपल्याकडील खरा अभाव आहे. पाठ्यपुस्तकातील इंग्रजी मजकूर सलग वाचला तर तो काही तासांत संपतो. त्यावर वर्ष काढले जाते. एक उतारा आठ तासिका चालतो, शब्दार्थ, प्रश्नोत्तरे, रिकाम्या जागा आणि पुन्हा शब्दार्थ या क्रमाने. त्यात विद्यार्थ्याच्या वाट्याला येणारी नवी इंग्रजी अत्यल्प असते.

या अभावावरचा एक प्रयोग मराठी शिक्षकाने विशेष लक्षात घ्यावा असा आहे, कारण त्याची परिस्थिती आपल्या परिस्थितीशी मिळतीजुळती होती. वॉरविक एली आणि फ्रान्सिस मांगुभाई यांनी फिजीच्या ग्रामीण प्राथमिक शाळांत चौथी-पाचवीच्या वर्गांना सुमारे २५० इंग्रजी गोष्टींची पुस्तके पुरविली. तेथेही इंग्रजी वर्गाबाहेर फारशी नव्हती. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, नेहमीच्या पद्धतीने शिकणाऱ्या वर्गांपेक्षा या मुलांचे वाचन स्पष्टपणे पुढे गेलेले दिसले आणि पुढील वर्षी तो लाभ भाषेच्या इतर अंगांतही उतरला. पुस्तके सोपी, सचित्र आणि मुलांना हवीशी वाटणारी होती, हे विसरू नये. शाळेच्या कपाटात कुलूपबंद असलेली दोनशे पुस्तके हा निवेश नव्हे.

विपुलतेबरोबर निवडही आली. मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये सुमारे २,००० अतिप्रचलित इंग्रजी शब्दांची सूची प्रसिद्ध केली. सामान्य लिखित मजकुराचा सुमारे चार-पंचमांश भाग अशा शब्दांनी व्यापलेला असतो. म्हणून उताऱ्यातील प्रत्येक कठीण शब्दाला फळ्यावर सारखीच जागा देणे अयोग्य आहे. जो शब्द पुन्हा भेटणार नाही त्याचा अर्थ मराठीत सांगून पुढे जावे. जो सतत भेटणार आहे त्याच्यावर थांबावे, आणि काही दिवसांनी, पुन्हा काही आठवड्यांनी, वेगळ्या वाक्यात त्याच्याकडे परत यावे. एकाच तासिकेत वीसदा घोकलेला शब्द स्थायित्वाच्या अटीवर टिकत नाही. पाच वेगवेगळ्या दिवशी भेटलेला टिकण्याची शक्यता कितीतरी अधिक.

४

वापराचा प्रश्न प्रथम गणिताचा आहे. तासिका ४० मिनिटांची, वर्गात ५० विद्यार्थी, आणि निम्मा वेळ अध्यापक बोलतो, असे गृहीत धरू. उरलेल्या २० मिनिटांचा एक क्षणही वाया गेला नाही आणि सर्वांना समान संधी मिळाली, तरी प्रत्येकाच्या वाट्याला २४ सेकंद येतात. प्रत्यक्षात पुढच्या दोन बाकांवरचे पाचसहा जण बोलतात आणि इतरांचा वाटा शून्य असतो. आता हेच विद्यार्थी जोड्यांनी केवळ १० मिनिटे बोलले, तर प्रत्येकाला पाच मिनिटे मिळतात, म्हणजे बारा पटींहून अधिक. मोठा वर्ग ही जोडीकार्य टाळण्याची सबब नसून ते अपरिहार्य करणारे कारण आहे.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो आदराने विचारात घेण्यासारख्या माणसाने घेतलेला आहे. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर येथील रीजनल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिशच्या आश्रयाने दक्षिण भारतातील सामान्य शाळांत एक प्रकल्प चालविला. व्याकरणाचा क्रम बाजूस ठेवून नकाशे, रेल्वेची वेळापत्रके, नियमांचे उतारे यांवर तर्काने सोडवावयाची कार्ये मुलांना दिली. मन अर्थामध्ये गुंतलेले असताना रूप नकळत आत्मसात होते, ही त्यामागची धारणा. प्रभूंनी गटकार्य मात्र टाळले. दुर्बळ इंग्रजीची मुले परस्परांशी बोलली तर परस्परांचे दोष दृढ करतील, अशी त्यांची शंका होती. त्यांच्या रचनेत कार्याचा पहिला भाग अध्यापक संपूर्ण वर्गाबरोबर मोठ्याने सोडवीत असे आणि तशाच स्वरूपाचा दुसरा भाग प्रत्येक विद्यार्थी एकट्याने सोडवीत असे.

आक्षेप आणि गणित यांचा मेळ अवस्थाभेदाने घालता येतो. ज्या वर्गाजवळ अद्याप इंग्रजीची सामग्री नाही, त्याला जोड्यांत बसविले तर मराठीच बोलली जाईल. तेथे प्रभूंचा क्रम योग्य. सामग्री जमली, की तिला गती देण्यासाठी जोडी हवी. एसटीचे वेळापत्रक घ्यावे. साताऱ्याहून निघणाऱ्या चार गाड्यांच्या वेळा फळ्यावर असाव्यात. एका प्रवाशाला अकराच्या आत पुण्यात पोहोचावयाचे आहे आणि वाटेत शिरवळला पाऊण तास थांबावयाचे आहे. पहिला प्रवासी सर्वांनी मिळून सोडवावा, दुसरा एकट्याने, आणि तिसरा जोडीने, जोडीतील एकाजवळ वेळा आणि दुसऱ्याजवळ प्रवाशाची अट अशी विभागणी करून. दुसऱ्याजवळची माहिती मिळविल्यावाचून उत्तर येत नाही, म्हणून बोलणे भाग पडते. हाच वापर, पाठ केलेला संवाद वर्गासमोर म्हणणे हा वापर नव्हे.

वापराशी निगडित एक बाब अत्यंत साधी आणि म्हणून उपेक्षित आहे. अमेरिकेतील मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या वर्गांचे निरीक्षण करून दाखविले की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सुमारे एक सेकंद थांबतात. ते तीन सेकंद वा अधिक थांबू लागले की उत्तरांची लांबी वाढते आणि एरवी गप्प राहणारी मुले बोलू लागतात. ही मातृभाषेतील वर्गांची गोष्ट. परभाषेत विद्यार्थ्याला प्रश्न समजून घ्यावा लागतो, उत्तर शोधावे लागते आणि ते परक्या क्रमात मांडावे लागते. त्याला एक सेकंद देणे म्हणजे उत्तर नको असे सांगणे.

५

प्रतिसादाविषयी निदानाचा सर्वांत प्रत्यक्ष उपयोग होतो. रॉय लिस्टर आणि लीला रांटा यांनी १९९७ मध्ये कॅनडातील फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अध्यापकांच्या दुरुस्त्यांपैकी निम्म्याहून अधिक दुरुस्त्या पुनरुच्चाराच्या होत्या, म्हणजे विद्यार्थ्याचे चुकीचे वाक्य अध्यापकाने सहज बरोबर करून म्हणावयाचे. आणि याच प्रकाराला विद्यार्थ्यांनी सर्वांत कमी दाद दिली. कारण उघड आहे : आपल्या बोलण्याला संमती मिळाली की दुरुस्ती झाली, हे विद्यार्थ्याला कळत नाही. विद्यार्थ्याकडूनच दुरुस्ती काढून घेणारे उपाय, जसे थांबणे, चुकीच्या जागेपर्यंत वाक्य म्हणून सोडून देणे, ‘काल की रोज?’ असे विचारणे, अधिक फलदायी ठरले.

हा निष्कर्ष मागील वर्गीकरणाला जोडला की कृती ठरते. स्खलन असेल तर नजर पुरे. नियम अर्धवट आला असेल तर विद्यार्थ्याकडून काढून घ्यावे. भेदच दिसत नसेल तर त्याच्याजवळ काढून घेण्यासारखे काही नाही. तेथे स्पष्टीकरण द्यावे, आणि तेही मुलगा बोलत असताना नव्हे. वेळ आलेली नसेल तर सोडून द्यावे. सोडून देणे हाही प्रतिसादाचा प्रकार आहे आणि अध्यापकाला तो सर्वांत जड जातो, कारण वही तपासणाऱ्या अधिकाऱ्याला न तपासलेली चूक दिसते, विचारपूर्वक सोडलेली चूक दिसत नाही.

६

मराठीच्या स्थानाविषयी दोन टोके आहेत. एका टोकाला तर्खडकर भाषांतर पाठमालेची परंपरा : वाक्यामागून वाक्य भाषांतरित करीत इंग्रजी शिकणे. तिने घडविलेल्या पिढ्यांचे लेखी इंग्रजी पाहता ती परंपरा तुच्छतेने डावलण्याजोगी नाही. मात्र बोलणे तिच्या उद्दिष्टांत नव्हते. दुसऱ्या टोकाला वर्गात मराठीचा एकही शब्द नको हा आग्रह, जो प्रशिक्षणात मान्य होतो आणि वर्गाचे दार लागताच मोडतो. या मोडण्यातून अध्यापकाच्या मनात निष्कारण अपराधभाव राहतो.

निकष असा असावा : मराठीचा वापर केल्याने त्याच तासिकेत इंग्रजीसाठी वेळ मोकळा होत असेल, तर तो वापर समर्थनीय. अमूर्त शब्दाचा अर्थ, कार्याची गुंतागुंतीची सूचना, ‘होतो’ आणि ‘हॅड’ यांची तुलना, घाबरलेल्या मुलाला धीर, ही कामे मराठीने अर्ध्या मिनिटात होतात. परंतु ‘बसा’, ‘पुस्तक उघडा’, ‘कोण गैरहजर आहे’ ही रोजची बोलणी मराठीत करणे ही हानी आहे, कारण वर्गातील इंग्रजीचा हाच एक भाग खऱ्या गरजेतून निघालेला असतो. सेमी इंग्रजीच्या वर्गांत याच्या उलट चित्र दिसते : गणित-विज्ञानाच्या संज्ञा इंग्रजीत आणि त्यांना जोडणारी सर्व वाक्ये मराठीत. संज्ञा म्हणजे भाषा नव्हे. भाषा त्या जोडणाऱ्या वाक्यांत असते.

७

आता अध्यापकाच्या वृद्धीच्या अवस्था. पहिली अवस्था पाठ्यपुस्तकाधीन : पाठ हा घटक, तो संपविणे हे काम. दुसरी पद्धतीअधीन : प्रशिक्षणात भेटलेली पद्धती ही मार्गदर्शक, आणि अपयश आले तर नवी पद्धती. तिसरी विद्यार्थ्याधीन : आज विद्यार्थ्याच्या भाषेत जे दिसले त्यावरून उद्याचे टाचण. दुसऱ्या अवस्थेत पुष्कळ प्रामाणिक आणि कष्टाळू शिक्षक अडकून राहतात. प्रभूंनीच १९९० मध्ये दाखवून दिले की सर्वोत्तम अशी पद्धती नाही. अध्यापन ज्यामुळे सजीव राहते ती, शिकणे कसे घडते याविषयीची शिक्षकाची स्वतःची प्रतीती होय. ती प्रतीती पुराव्याने तपासली जात राहिली पाहिजे, अन्यथा ती केवळ सवय होते.

पुरावा मिळविण्याचे तीन मार्ग व्यवहार्य आहेत. पहिला, स्वतःच्या तासिकेचे मोबाइलवर ध्वनिमुद्रण. ते ऐकताना सर्व काही ऐकू नये. तीनच गोष्टी मोजाव्यात : प्रश्नानंतरचा विराम, ज्यांचे उत्तर अध्यापकाला आधी ठाऊक नव्हते असे प्रश्न, आणि विद्यार्थ्याचे सर्वांत लांब वाक्य. दुसरा, चुकांची वही, वरील चार प्रकारांनुसार. तिच्यात अध्यापनजन्य दोषांचा रकाना रिकामा राहू लागला, तर निरीक्षणात त्रुटी आहे असे समजावे. तिसरा, सहकारी. केंद्राच्या शिक्षण परिषदेत परिपत्रकांचे वाचन होते. त्याऐवजी दोन शिक्षकांनी एकाच वर्गाच्या दहा वह्या समोर ठेवून एक तास काढला तर अधिक हाती लागेल. ‘तेजस’ प्रकल्पातून राज्यात शिक्षकांचे जे कृतिगट उभे राहिले, त्यांचे तत्त्व हेच होते, आणि ते वरिष्ठांच्या आदेशावाचूनही चालविता येते.

अध्यापकाच्या स्वतःच्या इंग्रजीविषयी थोडक्यात. ती परिपूर्ण असण्याची गरज नाही; वाढती असण्याची आहे. जो स्वतः वाचत नाही, त्याच्या निवेशाचा स्रोत पाठ्यपुस्तकाइतकाच उरतो.

अखेर, वेळ सर्वांना पुरणार नसताना काय निवडावे? वेस्ट यांनी ढाक्याच्या अनुभवावर आधारलेल्या १९२६ च्या अहवालात विम्यातील सरेंडर व्हॅल्यूची कल्पना योजली : विद्यार्थ्याने शिक्षण मध्येच सोडले, तर तोवरच्या शिक्षणाचे त्याच्या हाती काय उरते? बंगालमधील बहुसंख्य मुले शाळा मध्येच सोडीत. या कसोटीवर त्यांनी वाचनाला अग्रक्रम दिला, कारण थोडेसे वाचन येत असले तरी ते एकट्याने वाढविता येते. थोडेसे बोलणे ऐकणाऱ्यावाचून विझते. आज बोलण्याची गरज त्या काळाहून मोठी आहे, तरी कसोटी जुनी झालेली नाही. आठवीनंतर शेतीत किंवा कामावर जाणाऱ्या मुलीजवळ काय उरेल, हा प्रश्न प्रत्येक घटक नियोजनाला विचारता येतो.

मापनासाठी वर्गातील सहा विद्यार्थी निवडावेत, दोन प्रबळ, दोन मध्यम, दोन दुर्बळ. जूनमध्ये आणि मार्चमध्ये त्यांच्याकडून एकाच प्रकारचे, पण न सराविलेले काम करून घ्यावे : एका चित्रावर बोलणे, एक अपरिचित परिच्छेद वाचणे, पाच ओळी लिहिणे. प्रबळ विद्यार्थ्यांच्या प्रगतीत घराचा आणि शिकवणीचा वाटा असतो, म्हणून कारणतेची अट त्यांच्यापाशी सिद्ध होत नाही. दुर्बळ दोघांचे नमुने प्रथम पाहावेत. त्यांत हालचाल नसेल तर व्याकरणाकडे वळण्यापूर्वी परिच्छेदाचे वाचन पुन्हा ऐकावे. वरच्या इयत्तांतही अनेकदा असे आढळते की मुलाला शब्द ओळखू येतात ते आकारावरून, आणि अक्षर व ध्वनी यांचा संबंध त्याला कोणी शिकविलेलाच नाही. ‘सी ए टी कॅट’ हे स्पेलिंग तो म्हणतो, पण ‘सी’ या नावात ‘क’ कोठेच ऐकू येत नाही याकडे त्याचे लक्ष कधी वेधले गेलेले नसते. अशा मुलाला नववीतही तेथूनच आरंभ करावा लागतो. त्यासाठी वेळापत्रकात रोजची १५ मिनिटे वेगळी काढावीत, आणि मूळ तासिकेत त्याच्याकडून केलेली अपेक्षा तोवर कमी ठेवावी.